झेब्र्यांच्या आधी आलेला

माणसं जन्मतात, मरतात. साम्राज्यं उभी राहतात, धुळीला मिळतात. पण या अफाट विश्वात रिकामी जागा अशी कधी नसतेच.

हे महान सत्य मला मद्रासजवळच्या एका प्राणिसंग्रहालयात, झेब्र्याच्या लिदीची वाट बघत उभा असताना कळलं.

लीद शेवटपर्यंत पडली नाही. झेब्रेच आत शिरेनात, तर लीद कुठून पडणार.

पुढे सांगतो ते अक्षरन्अक्षर खरं आहे. निम्मं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. उरलेलं निम्मं माझ्या जावयाने पाहिलं, आणि तो इंजिनियर असल्यामुळे त्याला काही रचून सांगता येत नाही.

साल २००७. मे महिना. जागा, तांबरमच्या थोडी पुढे. प्राणिसंग्रहालयाचं नाव सांगत नाही. त्या लोकांनी माझं काही वाईट केलेलं नाही.

आणि वेळ... भर दुपारची.

असल्या गोष्टी रात्री घडाव्यात असा संकेत आहे, मला मान्य आहे. पण मद्रासेत मे महिन्यात रात्री सगळं गाव गच्चीवर जागं असतं. एकांत हवा असेल तर तो दुपारीच मिळतो. माणसाला काय आणि इतरांना काय.

माझी मुलगी रुचिरा तेव्हा तांबरमला राहायची. सातवा महिना संपत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी तिला मिरजेला न्यायला गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, महिनाअखेरपर्यंत रेल्वेने न्या, त्यानंतर मी हो म्हणणार नाही.

रुचिरा म्हणाली, "देवेशला घेतल्याशिवाय मी हलणार नाही."

"अगं, तो येईल मागून."

"मागून येतो म्हणून तो गणपतीलाही आला नव्हता. बाबा, झेब्रे सोडतील तेव्हाच तो सुटेल. मी इथेच बसते. निदान त्याला लाज तरी वाटेल."

देवेश म्हणजे माझा जावई. त्याला झेब्र्यांनी धरून ठेवलं होतं, ही अतिशयोक्ती नाही.

त्या वर्षी त्या प्राणिसंग्रहालयाला वाढीचं वेड लागलं होतं. नव्या जाती आणायच्या, नवी घरं बांधायची. शहामृग आले. पाणघोड्यासाठी तळं खणलं. चिंपांझीसाठी बेट केलं. आणि आफ्रिकेतून येणाऱ्या झेब्र्यांसाठी देवेशने घर बांधलं. पुढे मोठं फरसबंद अंगण, प्रेक्षकांच्या बाजूला खंदक, मागे निजायची खोली, मधे सरकतं लोखंडी दार. घर खरोखर देखणं झालं होतं. तांबरमच्या त्याच्या स्वतःच्या बिऱ्हाडापेक्षा कितीतरी हवेशीर.

पण संचालक हरिप्रसाद यांची एक अट होती.

"मिस्टर देवेश, जनावराने आत खाल्लं पाहिजे. आत निजलं पाहिजे. आत लीद टाकली पाहिजे. म्हणजे ते रुळलं. मग मी घर ताब्यात घेतो आणि तुम्ही गावी जा."

देवेशच्या कंपनीचं ऑफिस एग्मोरला. त्यांनीही त्याची रजा त्याच अटीला बांधून टाकली.

खाणं, निजणं आणि लीद. माझ्या मुलीचं बाळंतपण या तीन खांबांवर उभं होतं.

आता चूक कुठे झाली ते सांगतो.

चूक आपल्याच माणसाची. मराठी माणूस परमुलखात गेला की दुप्पट धार्मिक होतो. उद्घाटनाला कुणी बडे पाहुणे यायचे होते. पाहुण्यांची तारीख हलेना आणि झेब्रे काही येईनात, ते कुठल्याशा दाखल्यावाचून परदेशातच अडकलेले. शेवटी ठरलं, रिकाम्या घराचंच उद्घाटन करू.

देवेश म्हणाला, घर बांधलंच आहे तर रीतसर वास्तुशांत करू या.

केली. होम झाला. तिकडच्या रीतीप्रमाणे गाय-वासरू आधी आत नेलं, चुलीवर दूध उतू घालवलं. पाहुण्यांनी फीत कापली. सगळ्यांनी रिकाम्या अंगणाकडे बघून टाळ्या वाजवल्या.

प्रसादाला अन्नपूर्णाबाई आल्या होत्या. संग्रहालयाचे पर्यवेक्षक नारायणस्वामी राव, त्यांच्या या आई. ही मंडळी तंजावरकडची मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच. त्यांचं बोलणं ऐकलं की आपली पणजी तमिळ शिकून परत आली आहे असं वाटतं.

केसरीचा, म्हणजे तिकडच्या शिऱ्याचा, घास तोंडात घालता घालता म्हातारीने विचारलं, "आज रात्री इथं कोण निजणार?"

कुणाला कळेना.

"वास्तू केली मणजे घर जागं झालं. जागं घर रिकामं ठेवू नोको. कोण तरी निजायला पाहिजे."

नारायणस्वामी म्हणाले, "अम्मा, हे झेब्र्यांचं घर. ते पुढच्या महिन्यात येतील."

"मग वास्तू पुढच्या महिन्यात करायची होती."

सगळे हसले. देवेशने दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली...

आणि घरी येऊन झोपला.

हे त्याने मला पुढे जेवता जेवता सांगितलं तेव्हा माझा घास हातातच राहिला. आमच्या मिरजेच्या घराची वास्तुशांत झाली, तेव्हा सामान यायचं होतं. तर हिने मला एकट्याला चटईवर तिथे झोपायला लावलं होतं. डासांनी फोडून काढलं. पण घर रिकामं राहिलं नाही.

"देवेश, तुझ्या आईने कधी सांगितलं नाही तुला?"

"बाबा, ती माणसांच्या घराबद्दल सांगायची. खंदकवाल्या घराबद्दल नाही."

यथावकाश झेब्रे आले. एक नर, दोन माद्या. तब्येती ठणठणीत. काही दिवस वेगळे ठेवून तपासले, मग मागच्या बाजूने नव्या घरात सोडायला आणले. सरकतं दार उघडलं...

झेब्रे उंबऱ्यावर थांबले.

मान खाली. कान मागे.

आत फक्त ऊन होतं. कोवळं गवत होतं. हौद भरलेला होता. पण ते तिघं आत बघत राहिले. रिकाम्या खोलीकडे बघतात तसं नाही. कुणीतरी बसलेल्या खोलीकडे बघतात तसं.

मग हळूहळू मागे सरले.

दुसऱ्या दिवशीही तेच. त्यानंतरही तेच.

गाजरं टाकली. गूळ ठेवला. एका तज्ज्ञाने सांगितलं, दाराच्या रंगाचा वास येतो. रंग खरवडला. दुसऱ्याने सांगितलं, उघडं लोखंड चकाकतं म्हणून बिचकतात. पुन्हा रंग दिला. तिसऱ्याने आरसा लावायला सांगितला, म्हणजे आत आणखी झेब्रे आहेत असं त्यांना वाटेल. आरसा लावला. झेब्र्यांनी आरशात पाहिलं... आणि त्या दिवशी ते इतके उधळले की एका मादीचा गुडघा फुटला.

आरशात त्यांना काय दिसलं, कोण जाणे. देवेशने आरसा काढताना तो उलटा धरून काढला. का, ते त्यालाही सांगता आलं नाही.

रोज संध्याकाळी देवेश घरी यायचा, बूट काढायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा.

"आज?" रुचिरा विचारायची.

"आज नर अर्धा आत आला."

"मग?"

"पुढचा अर्धा. मागचा आलाच नाही."

"देवेश, महिना संपत आला."

"मी काय करू, रुचिरा? त्याच्या जागी मी जाऊन गवत खाऊ?"

"खा. काहीतरी तर खा. डबा परत तसाच आणलास."

मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचो. ते तमिळ होतं, पण अशा वेळी भाषेचा प्रश्न येत नाही.

शेवटी मी रोज डबा घेऊन स्वतःच जायला लागलो. तो माझ्यासमोर जेवतो की नाही ते बघायचं, एवढाच हेतू.

आणि तिथे एकेक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली.

त्या आवारात माकडं फार. प्रेक्षकांच्या हातातले शेंगदाणे, अस्वलांची कलिंगडं, शहामृगांचं खाणं, सगळं पळवायची. पण झेब्र्यांच्या अंगणात गाजरं दिवसभर पडून सुकायची...

एकही माकड खाली उतरत नव्हतं.

कावळाही नाही.

हौद मात्र रोज थोडा उतरायचा. देवेशने गळती शोधली. प्लंबर बोलावला. गळती नव्हती.

निजायच्या खोलीत गवत पसरून ठेवलेलं असायचं. सकाळी ते मधोमध दबलेलं दिसायचं. खूप जड असं काहीतरी रात्रभर त्यावर निजावं, तसं.

आणि कोपऱ्यात... चिमूट-दोन चिमूट राख.

नारायणस्वामी रोज ती राख झाडायचे आणि रोज चौकीदारांवर ओरडायचे. "आत बसून बिडी ओढता?" चौकीदार शपथा घ्यायचे. नारायणस्वामी शिकलेले गृहस्थ, प्राणिशास्त्राचे पदवीधर. त्यांचा शपथांवर विश्वास नव्हता.

मी म्हणालो, "राव, दाराला बाहेरून कुलूप असतं ना?"

"असतं."

"मग चौकीदार आत कसा जातो?"

त्यांनी कुलपाकडे पाहिलं. "तेच तर," म्हणाले, "बदमाश आहेत."

आता तो मंगळवार.

त्या दिवशी संग्रहालय बंद असतं. ना प्रेक्षक, ना फुगेवाला. मी दहीभाताचा डबा घेऊन आणि छत्री उघडून पोचलो. ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं.

देवेश अंगणाच्या मधोमध उभा होता. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. नारायणस्वामी भिंतीशी सावली शोधत होते. मी मागच्या दाराने आत गेलो.

आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवली... आवाज नव्हता.

बाहेर मोर ओरडत होते. माकडं भांडत होती. पण दाराच्या आत पाऊल टाकलं की ते सगळं लांब गेल्यासारखं झालं.

"जेव," मी म्हणालो.

"बाबा, एक काम करतो, मग जेवतो." त्याचे डोळे लाल झाले होते. "वास असणार. रंगाचा, सिमेंटचा, माझा. कसला का असेना. आज हे घर मी धुऊन काढणार."

उन्हाळ्यात जनावरांना गारवा मिळावा म्हणून कोपऱ्यांत पाण्याचे फवारे बसवले होते. देवेशने ते सगळे एकदम सोडले.

पाणी उडालं. तापलेल्या फरशीचा वास आला. बघता बघता अंगण ओलं, काळपट झालं.

सगळं अंगण...

एक जागा सोडून.

मागच्या भिंतीजवळ फरशीवर एक पांढरा, कोरडा डाग राहिला. लांबट. मोठा. आम्ही तिघं शेजारी आडवे झालो असतो तर त्यात मावलो असतो.

"तिकडच्या फवाऱ्याचं तोंड तुंबलं असेल," देवेश म्हणाला.

तुंबलं नव्हतं. पाणी नेमकं तिथेच पडत होतं.

पडत होतं म्हणजे... खाली पोचत नव्हतं.

कमरेएवढ्या उंचीवर थांबत होतं. आणि तिथून दोन्ही बाजूंना घरंगळत होतं. म्हशीच्या पाठीवरून घरंगळावं तसं.

फक्त म्हैस नव्हती.

"अहो," नारायणस्वामी अगदी हळू म्हणाले, "हे काय आहे?"

"तुम्ही प्राणिशास्त्राचे पदवीधर," मी म्हणालो. "मीच तुम्हाला विचारणार होतो."

तेवढ्यात तो डाग... ओला झाला.

सगळा. एकदम.

म्हणजे तिथे जे निजलं होतं, ते उठलं होतं.

माझ्या एका हातात डबा. दुसऱ्या हातात छत्री. देवेशने माझं कोपर धरलं.

ओल्या फरशीवर एक कोरडा ठसा उमटला.

मग दुसरा.

ओल्या पावलांचे ठसे कोरड्या फरशीवर उमटतात, हे आपण जन्मभर पाहिलेलं असतं. हे उलटं होतं. ताटाएवढे गोल, पांढरे, कोरडे ठसे. क्षणभर दिसायचे आणि पाण्याने पुसले जायचे. तोवर पुढचा उमटायचा.

आमच्या दिशेने.

घाईने नाही. जेवणानंतर कुणी उठून दारापाशी यावं, इतक्या सावकाश.

नारायणस्वामी पुटपुटत होते. आधी प्राण्यांची शास्त्रीय नावं म्हणत होते, मग स्तोत्रावर आले.

ठसे माझ्यासमोर थांबले.

माझ्या चेहऱ्यावर श्वास आला... गार. बर्फाच्या लादीवरून आलेल्या वाऱ्यासारखा. त्या संबंध महिन्यात मद्रासेत मला लागलेली गार हवा एवढीच, आणि तिचा मला आनंद घेता आला नाही.

मग छत्रीची मूठ हळूच वर ओढली गेली.

हिसकावली नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हातातली पिशवी कुणी घ्यावी, तशी घेतली.

मी सोडली.

छत्री पडली नाही.

ती उघडीच, माझ्या डोक्यावर अधांतरी राहिली. मग थोडी वर गेली. मग आणखी वर... आम्ही माना वर करून बघत होतो. निजायच्या खोलीच्या छपराच्याही वर जाऊन ती थांबली.

फवाऱ्याचं पाणी काळ्या कापडावर टपटप वाजू लागलं.

आणि छत्री वळली. भिंतीकडे चालत गेली. मघाच्याच जागी सावकाश खाली आली, तिरकी झाली, स्थिरावली.

तिच्याखालची फरशी पुन्हा कोरडी होत होती.

त्याला पाणी आवडलं नव्हतं. एवढंच.

आम्ही पळालो नाही. पळायला पाय लागतात. एकमेकांना धरून, मागे मागे सरकत दारापर्यंत आलो, झेब्रे सरकले होते अगदी तसेच. बाहेर आल्यावर देवेशने दार ओढलं आणि कुलूप घातलं.

मग मला दिसलं, माझा दुसरा हातही रिकामा होता.

डबा आत राहिला होता.

नारायणस्वामींचं घर आवारातच. अन्नपूर्णाबाई ओसरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. मुलाचा चेहरा बघून त्यांनी काही विचारलं नाही. ताक आणून दिलं.

मुलाने सगळं सांगितलं. म्हातारीने ऐकलं. शेंगा सोलायच्या थांबवल्या नाहीत.

"कोण आहे ते, अम्मा?"

"मला काय ठाऊक. मी बोलावलं काय? तुम्हीच होम केला, तुम्हीच दूध ओतलं, तुम्हीच दार उघडून या मणालात. कुठं तरी घराशिवाय हिंडत होतं, आलं. आता कोण आलं मणून रागावता."

देवेश काकुळतीला आला. "आजी, त्याला बाहेर कसं काढायचं ते सांगा. मला घरी जायचंय हो."

"निजलेल्याला उठवू नोको. झेब्र्यांना दुसरं घर दे."

"दुसरं घर बांधायला वर्ष जाईल."

"मग तुझ्या लेकाचं बारसं इथंच कर. मी येईन." आणि त्यांनी सोललेल्या दाण्यांची वाटी त्याच्यापुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा मागच्या दाराबाहेर होता. झाकण घट्ट लावलेलं. दाराला कुलूप तसंच.

आत दहीभाताचं शीतही नव्हतं. घासून पुसून ठेवावा तसा स्वच्छ.

घरी नेला तेव्हा रुचिराने तो उलटापालटा करून पाहिला. सगळी हकीकत तिला सांगितली होती.

मग म्हणाली, "देवेशने लग्नापासून एकदाही डबा घासून आणलेला नाही."

आणि थोड्या वेळाने, "बाबा... ते खातं, म्हणजे."

"हो."

"आणि निजतं."

मला तिचा रोख कळला. देवेशला नाही. तो इंजिनियर आहे.

"हरिप्रसाद सरांनी झेब्राच पाहिजे असं म्हटलं होतं," ती नवऱ्याला म्हणाली, "की जनावर?"

आम्ही संग्रहालयात परत गेलो तेव्हा संचालक हरिप्रसाद तसेही चिडून अंगणापाशी आलेच होते. अंगणात कुणाची तरी छत्री पडली आहे, प्रेक्षक तक्रार करताहेत, असं त्यांच्या कानावर गेलं होतं.

"ही छत्री कोणाची, मिस्टर देवेश?"

"सासऱ्यांची, सार."

"उचला ती."

कुणी हललं नाही. हरिप्रसाद स्वतःच निघाले. तेवढ्यात ऊन सरकलं आणि छत्रीवरची सावली गेली...

छत्री उठली. सावली जिथे सरकली होती तिथे गेली. बसली.

हरिप्रसाद प्रेक्षकांच्या बाकावर बसले. दुपारभर बसून राहिले. सावली सरकायची, छत्री सरकायची. मधे एक कुटुंब आलं. त्यातला बाप मुलांना सांगत होता, "तो बघ, मागे झोपलाय." मुलांनाही दिसला. लोकांचं असंच असतं.

संध्याकाळी हरिप्रसादांनी घसा साफ केला.

"काय खातो?"

"दहीभात, सार," देवेश म्हणाला.

"तमिळच आहे मग." ते हसले नाहीत. "आत निजतो?"

"रोज. गवत दबलेलं असतं."

"आणि... तिसरं?"

देवेश नारायणस्वामींकडे बघायला लागला. नारायणस्वामी माझ्याकडे. मी बाकाकडे.

मग नारायणस्वामींचा चेहरा बदलला. ते आत गेले नाहीत. मागच्या केराच्या टोपलीतून त्यांनी कागदाची पुडी आणली आणि संचालकांपुढे उघडली.

राख.

"रोज सकाळी, सार. एकाच कोपऱ्यात." त्यांनी पुडी पुढे सरकवली. "चौकीदारांची मी माफी मागेन."

हरिप्रसादांनी पुडीकडे पाहिलं. हात लावला नाही.

"सेरि, ठीक आहे," ते म्हणाले. "घर ताब्यात घेतलं. मिस्टर देवेश, तुम्ही गावी जा."

झेब्र्यांना शहामृगांच्या शेजारच्या मोकळ्या आवारात नेलं. दार उघडताच ते आत धावले आणि तिथेच तिघांनी लीद टाकली. देवेशच्या डोळ्यांत पाणी आलं. कशाचं, ते मी विचारलं नाही.

निघायच्या दिवशी आम्ही त्या कठड्यापाशी गेलो. रुचिराही हट्टाने आली. कठड्यावर नवी पाटी लागली होती: प्राणी विश्रांती घेत आहे, आवाज करू नये. तमिळमध्ये आणि इंग्रजीत.

दुपार होती. छत्री मागच्या भिंतीशी होती.

कुणाच्या घरून निघताना आपण जे म्हणतो, ते माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"येतो आम्ही."

छत्री... किंचित झुकली.

रुचिराने पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, चला."

महिना संपायच्या आत आम्ही मिरजेला पोचलो. नात झाली. बरी आहे, द्वाड आहे.

या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. नारायणस्वामींचा अधूनमधून फोन येतो. संग्रहालय वाढतंच आहे. पाणघोडे आले, चिंपांझी आले. पण सर्वांत जास्त गर्दी त्या रिकाम्या अंगणापुढे असते, म्हणाले. कुणीच तक्रार करत नाही. आणि ती माणसं तिथे हळू बोलतात, पाटी वाचली नसली तरी.

गेल्या आठवड्यात फोन आला तेव्हा ते जरा वेगळंच बोलत होते. आईची तब्येत सांगितली, पाऊसपाणी सांगितलं. मग म्हणाले,

"अहो, खोलीतलं गवत आता दोन ठिकाणी दबतंय."

"दोन?"

"एक मोठं. आणि त्याला लागून..." त्यांचा आवाज उतरला. "एक लहान."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"संचालक मणाले, संग्रह वाढला."

त्यानंतर दोनच दिवसांत एग्मोरच्या ऑफिसातून देवेशला फोन आला. ते घर वाढवायचं आहे, तुम्हीच या. कोणासाठी वाढवायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. देवेशने विचारलंही नाही. रुचिराने फोन त्याच्या हातातून घेतला आणि नाही म्हणून सांगितलं.

पण मला हल्ली दुपारची झोप लागत नाही. आपण लोक 'जातो' म्हणत नाही. अभद्र मानतो. मीही उभ्या जन्मात कधी म्हटलं नाही. वाटतं, त्या एका घरातून निघताना म्हणायला हवं होतं. तिकडे कुणीतरी अजून वाट बघत असेल.

असो. ज्यांना हे खरं वाटत नसेल त्यांनी स्वतः जाऊन बघावं. तांबरमला उतरलात की कुणीही रस्ता सांगेल.

आणि जाणारच असाल तर एक छोटंसं काम आहे. छत्री काळी, बांबूच्या मुठीची. ऑफिसातल्यांनी निवृत्तीच्या वेळी दिलेली. परत आणू नका, दुपारी त्याला लागते. फक्त नारायणस्वामींना एवढं सांगा, ऊन उतरल्यावर तेवढी मिटवून ठेवत जा म्हणावं. सदा उघडी राहिली की काड्या सैल होतात.